कपिट्युलेट: मान नव्हे, मथळा
(इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायला नव्यानं शिकणाऱ्यांसाठी)

हार मानणं, नमतं घेणं, माघार घेणं यासाठी इंग्रजीत भरपूर शब्द आहेत. सरेंडर, यील्ड, सबमिट, कन्सीड, सकम, रिलेंट, ॲक्विएस. इंग्रजी-मराठी कोश उघडला की यातल्या निम्म्या शब्दांपुढे 'शरण जाणे' असं लिहिलेलं असतं, आणि आपण तेवढं वाचून कोश मिटतो. 'कपिट्युलेट' हा त्यातलाच एक. सरावासाठी मी तो मुद्दाम निवडला आहे, कारण त्याचा अर्थ नुसता पाठ करून हाती लागत नाही. तो कुठून आला हे पाहिलं की मग लख्ख कळतो. ज्यांना शब्दांची मुळं शोधायचा नाद नुकताच लागला आहे, त्यांच्यासाठी याहून चांगला पहिला शब्द मला माहीत नाही.

शेजारी वही-पेन ठेवा. पुढच्या पायऱ्या नुसत्या वाचून सोडू नका, सोबत लिहीत चला. हीच रीत नंतर कुठल्याही शब्दाला लावता येईल.

पहिली पायरी: कोश उघडण्याआधी अंदाज लिहा

शब्द एकटा घेऊ नका, वाक्यात घ्या. समजा असं वाक्य समोर आलं: 'आफ्टर अ लाँग सीज, द गॅरिसन कपिट्युलेटेड.' दीर्घ वेढ्यानंतर किल्ल्यातल्या शिबंदीनं काहीतरी केलं. काय केलं? वहीत तुमच्या मनात आलेलं मराठी वाक्य लिहा. बहुतेक जण 'शिबंदी शरण गेली' असं लिहितील. अगदी बरोबर आहे. आता त्याखाली एक प्रश्न लिहा: कशी शरण गेली? दार उघडून, हात वर करून? की आधी बोलणी करून?

या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात नाही. ते शब्दाच्या पोटात आहे.

उच्चाराचंही इथेच पाहून घ्या. आघात दुसऱ्या अक्षरावर, 'पि'वर येतो. म्हणून पहिलं अक्षर 'कॅ' असं ताणायचं नाही, हलकं 'क' म्हणायचं. बोलण्यात मधला भाग 'च्यु'कडे झुकतो आणि शब्द 'कपिच्युलेट' असा ऐकू येतो. नाम होताना, म्हणजे 'कपिट्युलेशन' म्हणताना, मुख्य आघात सरकून 'ले'वर जातो.

दुसरी पायरी: शब्दाची फोड करा

शेवटाकडून सुरुवात करा, कारण इंग्रजी शब्दाच्या शेपटीत बहुधा व्याकरण असतं आणि अर्थ पुढच्या अंगात. शेवटचं 'एट' हे लॅटिनमधून आलेल्या असंख्य क्रियापदांना लागणारं शेपूट. ते बाजूला काढलं की उरतं 'कपिट्युल'. हा लॅटिन 'कापितुलुम'. त्यातला 'उलुम' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे. मराठीत जसं 'घरा'चं 'घरकुल' होतं तसं. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले असे बरेच शब्द तुम्ही रोज वापरता: फॉर्म्युला म्हणजे छोटा फॉर्म, कॅप्सूल म्हणजे छोटी पेटी, ग्रॅन्यूल म्हणजे छोटा कण. कॅल्क्युलस म्हणजे लहानसा खडा, कारण मोजायला खडे वापरत.

लहानपणाही काढून टाका. आत सापडतो तो 'कापुट'. अर्थ: डोकं.

नवशिके बहुतेक सगळे इथेच चुकतात. डोकं सापडलं की मन लगेच चित्र काढतं: शत्रूपुढे झुकलेलं डोकं, तुकवलेली मान. हार मानणं आणि मान खाली घालणं यांची सांगड आपल्या मनात इतकी घट्ट असते की दुसरा विचारच येत नाही. चित्र सुंदर आहे, पण चूक आहे. या डोक्याचा मान तुकवण्याशी काहीही संबंध नाही.

मग कशाशी आहे? मराठी माणसाला ते पटकन कळेल असा दुवा आपल्याच भाषेत आहे. आपण लिखाणाच्या वर जे लिहितो त्याला 'मथळा' म्हणतो. मथळा 'माथ्या'वरून आला. 'शीर्षक' म्हणतो, ते 'शीर्षा'वरून. शरीरात जिथे डोकं, तिथेच कागदावर मथळा. रोमन लोकांनी अगदी हेच केलं. 'कापितुलुम' म्हणजे छोटं डोकं, म्हणजेच छोटा मथळा, आणि त्यावरून त्या मथळ्याखालचं प्रकरण किंवा कलम. मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'कापितुलारे' या क्रियापदाचा अर्थ साधा होता: मजकूर मथळेवार मांडणं, कलमं पाडणं.

वहीत 'डोकं' लिहिलं असेल तर त्यापुढे बाण काढून 'मथळा' लिहा, आणि त्यापुढे 'कलम'.

तिसरी पायरी: नातलग गोळा करा, पण तोतये ओळखा

एकट्या शब्दाचं मूळ लक्षात राहत नाही, कुटुंब लक्षात राहतं. 'कापितुलुम'चा सर्वांत जवळचा वंशज म्हणजे 'चॅप्टर'. लॅटिनचा 'क' जुन्या फ्रेंचमध्ये 'च' झाला, शब्द 'चापित्र' असा झिजला आणि इंग्रजीत 'चॅप्टर' झाला. म्हणजे कपिट्युलेट आणि चॅप्टर ही सख्खी भावंडं. एक फ्रेंच घरात वाढलं, दुसरं थेट लॅटिन पोथ्यांतून आलं.

दुसरं भावंड तुम्ही नक्की वापरता. व्याख्यानाच्या शेवटी वक्ता म्हणतो, 'लेट मी रिकॅप.' हे 'रिकॅपिट्युलेट'चं तोकडं रूप. 'री' म्हणजे पुन्हा. कपिट्युलेट म्हणजे निव्वळ 'शरण जाणं' असतं, तर रिकॅपिट्युलेट म्हणजे 'पुन्हा शरण जाणं' झालं असतं. तसं ते कधीच नव्हतं. मुद्द्यांच्या मथळ्यांवरून पुन्हा एकदा हात फिरवणं एवढाच त्याचा अर्थ. पाश्चात्त्य संगीतात सोनाटा या रचनेच्या ज्या भागात सुरुवातीच्या धून परत येतात, त्यालाही 'रिकॅपिट्युलेशन' म्हणतात. लष्करी वापरानं कपिट्युलेटचा मूळ अर्थ झाकला गेला. या भावंडात तो जसाच्या तसा राहिला आहे. हा पुरावा मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण तो शोधायला ग्रंथालयात जावं लागत नाही.

थोडे लांबचे नातलग: कॅपिटल, चीफ, शेफ, कॅप्टन. सगळ्यांत 'डोकं' आहे, म्हणजे मुख्य. दंडाच्या बायसेप्स स्नायूला दोन उगमं असतात म्हणून तो 'दोन डोक्यांचा'. कर्चिफ म्हणजे मुळात डोकं झाकणारं कापड. 'कॅटल'सुद्धा याच घरातला, कारण तो मुळात मुख्य मालमत्तेसाठीचा शब्द होता.

आता तोतये. 'कॅप्टन' नात्यातला आहे, पण 'कॅप्टिव्ह' नाही. कॅप्टिव्ह, कॅप्चर, केपेबल हे सगळे 'कापेरे' या दुसऱ्या क्रियापदाचे, ज्याचा अर्थ पकडणं, घेणं. सर्वांत फसवा म्हणजे 'कॅप्शन'. चित्राखालचा किंवा मजकुरावरचा मथळा म्हणजे कॅप्शन, मग हा नक्कीच 'कापुट'चा असणार असं वाटतं. नाही. तोही 'पकडणं'चाच. कायद्याच्या कागदांतून फिरत फिरत त्याला मथळ्याचा अर्थ चिकटला. अर्थ जुळतो, अक्षरं जुळतात आणि तरी नातं नसतं, याचं इतकं चांगलं उदाहरण क्वचित मिळतं. म्हणून नियम करून टाका: नुसत्या तोंडावळ्यावरून नातं जोडायचं नाही. व्युत्पत्ती देणारा कोश उघडून मधलं प्रत्येक रूप पाहायचं, आणि साखळीतली एक कडी जरी सापडली नाही तरी वहीत तिथे रिकामी जागा सोडायची.

चौथी पायरी: जुना कोश उघडा

आजचे बरेच कोश सर्वांत प्रचलित अर्थ आधी देतात. ते रोजच्या कामाला ठीक, पण मूळ शोधणाऱ्याला काळानुसार लावलेले अर्थ हवेत. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हे काम करते. तिचा पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. प्रत्येक अर्थाखाली त्या त्या काळातली वाक्यं दिलेली असतात. ती नेहमी जुन्याकडून नव्याकडे वाचत या.

सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतो. त्यात कपिट्युलेटचा पहिला अर्थ आहे मजकूर मथळेवार किंवा कलमवार मांडणे, आणि दुसरा आहे ठरलेल्या अटींवर शरण जाणे. पुढे १८२८ मध्ये अमेरिकेत नोआ वेब्स्टरचा कोश आला. त्यातही कलमं मांडण्याचा अर्थ आहे, पण तो आता फारसा चालत नाही अशी सूचना सोबत आहे. म्हणजे दोन कोशांच्या मधल्या त्र्याहत्तर वर्षांत एक अर्थ विझत गेला, आणि तुम्ही ते दोन नोंदी शेजारी ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकता.

अजून मागे जा. शब्द इंग्रजीत आला सोळाव्या शतकात. शेक्सपियरच्या चौथ्या हेन्रीवरच्या नाटकाच्या पहिल्या भागात राजा आपल्या मुलाला बंडखोरांची नावं सांगतो आणि म्हणतो की ते आपल्याविरुद्ध 'कपिट्युलेट' करून उठले आहेत. आजचा अर्थ इथे लावून बघा. बंडखोर राजाविरुद्ध शरण गेले? काहीच अर्थ निघत नाही. जुना अर्थ लावला की गाठ सुटते: त्यांनी आपसात कलमं ठरवून करार केला आहे. 'कोरिओलेनस' नाटकात तोच शब्द पुन्हा येतो, तेव्हा सेनापती म्हणतो की रोमच्या कारागिरांशी पुन्हा वाटाघाटी करायला मला सांगू नका. तिथेही शरणागती नाही, बोलणी आहेत. अटींवर शरण जाण्याचा अर्थ सतराव्या शतकात रुळला.

पाचवी पायरी: शब्द ज्या कागदावर राहत होता तो कागद वाचा

कोश अर्थ सांगतो, कागद अर्थ दाखवतो. या पायरीला घाई करू नका.

ऑक्टोबर १७८१. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात यॉर्कटाउन इथे जनरल कॉर्नवॉलिसचं ब्रिटिश सैन्य अमेरिकी आणि फ्रेंच फौजांच्या वेढ्यात सापडलं होतं. १७ तारखेला कॉर्नवॉलिसनं अमेरिकी सेनापती वॉशिंग्टनकडे चोवीस तास तोफा थांबवण्याची विनंती केली. वॉशिंग्टननं दोन तास दिले. १८ ला दोन्ही बाजूंचे अधिकारी जवळच्या एका घरात बसले आणि १९ ला कागदावर सह्या झाल्या. त्या कागदाचं नावच 'आर्टिकल्स ऑफ कपिट्युलेशन'. एकूण चौदा कलमं.

हा मसुदा सहज मिळतो, जरूर वाचा. त्याची मांडणीच आपला शब्द समजावून सांगते. एक कलम, त्याखाली समोरच्याचं उत्तर. पुन्हा एक कलम, पुन्हा उत्तर. बहुतेक ठिकाणी उत्तर एका शब्दाचं आहे: 'ग्रँटेड', मंजूर. हरलेला माणूस इथे गुडघ्यावर बसलेला नाही. तो टेबलाशी बसून एकेक मुद्दा मांडतो आहे.

तिसरं कलम पाहा. शिबंदी ठीक दोन वाजता बाहेर येईल, खांद्यावर शस्त्रं, निशाणं गुंडाळलेली, आणि ढोलांवर ब्रिटिश किंवा जर्मन चाल. निशाणं गुंडाळलेली का? कारण फडकती निशाणं घेऊन बाहेर पडणं हा हरलेल्या शूर सैन्याला मिळणारा मान होता, आणि आदल्या वर्षी चार्ल्सटन हे अमेरिकी शहर पडलं तेव्हा ब्रिटिशांनी अमेरिकी सैन्याला तो नाकारला होता. यॉर्कटाउनला अमेरिकेच्या बाजूनं बोलणी करणाऱ्यांपैकी जॉन लॉरेन्स स्वतः चार्ल्सटनला कैद झाला होता. निशाण उघडं की गुंडाळलेलं, एवढ्यावरून माणसं अडून बसत. हे एकदा वाचलं की कपिट्युलेशनला नुसती 'शरणागती' म्हणताना जीभ अडखळते.

आठवं आणि दहावं कलम एकत्र वाचायचं. दहाव्यात कॉर्नवॉलिसनं मागितलं होतं की ब्रिटिशांना सामील झालेल्या स्थानिक लोकांना त्यासाठी शिक्षा होऊ नये. उत्तर आलं: हे मान्य करता येत नाही, हा नागरी सत्तेचा विषय आहे. पण आठव्यात 'बोनेटा' नावाचं एक लढाऊ गलबत कॉर्नवॉलिसच्या ताब्यात राहील आणि झडती न होता न्यूयॉर्कला जाईल असं ठरलं, आणि ते मंजूर झालं. एका कलमात दार लावलं आणि दुसऱ्यात फट ठेवली. शिक्षेच्या भीतीत असलेले काही जण त्या गलबतातून निसटले. कलमं पाडून बोलण्याचा उपयोग काय, ते या दोन उत्तरांत दिसतं.

हे एकच उदाहरण नव्हे. १७६० मध्ये मॉन्ट्रियल पडलं तेव्हाच्या कपिट्युलेशनमध्ये पंचावन्न कलमं होती. आणि युद्धाबद्दलच्या १९०७ च्या हेग नियमांतलं पस्तिसावं कलम सांगतं की कपिट्युलेशन ठरवताना लष्करी प्रतिष्ठेचे नियम लक्षात घेतले पाहिजेत, आणि एकदा ठरल्यावर दोन्ही बाजूंनी ते काटेकोर पाळलं पाहिजे. 'दोन्ही बाजूंनी' हे शब्द वहीत अधोरेखित करा. म्हणूनच बिनशर्त शरणागतीसाठी इंग्रजीला 'अनकंडिशनल सरेंडर' असं वेगळं म्हणावं लागतं.

सहावी पायरी: शेजारच्या भाषांत डोकावा

युरोपातल्या दुसऱ्या भाषांत तोच शब्द काय करतो हे पाहिलं की उरलेली शंका फिटते. स्पॅनिशमध्ये 'कापितुलासिओनेस' म्हणतात. आता दोन तारखा बघा. २५ नोव्हेंबर १४९१ ला ग्रानाडाच्या सुलतानानं फर्डिनांड आणि इसाबेला यांच्याशी शहर सोपवण्याचा तह केला. त्यालाही हाच शब्द लावतात. त्याच ग्रानाडाच्या वेढ्यासाठी उभारलेल्या सांता फे या छावणीच्या गावात, १७ एप्रिल १४९२ ला, त्याच राजाराणीनं कोलंबसशी करार केला. कोलंबसला ॲडमिरलपद, सापडलेल्या मुलखाचं व्हाइसरॉयपद आणि मिळणाऱ्या संपत्तीचा दहावा हिस्सा असं त्यात ठरलं. या कराराचं नावही 'सांता फेची कापितुलासिओनेस'. पाच महिन्यांच्या आत, तीच राजसत्ता, तोच शब्द. एका कागदावर शहर पडलं आणि दुसऱ्यावर सफर निघाली. स्पॅनिशमध्ये लग्नाआधी मालमत्तेबद्दल होणाऱ्या करारालाही याच नावानं ओळखतात.

ऑटोमन साम्राज्याच्या इतिहासातही 'कपिट्युलेशन्स' भेटतात. सुलतानांनी युरोपीय व्यापाऱ्यांना दिलेल्या सवलतींचे ते करारनामे. इंग्लंडला ते १५८० मध्ये मिळाले, आणि तुर्कस्तानात ते अखेर १९२३ च्या लोझानच्या तहानं संपले. या शब्दानं मला एकदा चांगलंच पाडलं आहे. एका लेखाचं भाषांतर करताना मी घाईत 'कपिट्युलेशन्स'चं 'शरणागतीचे करार' करून टाकलं. वाक्य वाचायला गोळीबंद होतं. पण अर्थ असा झाला की सत्तेच्या शिखरावर असलेला सुलतान परदेशी व्यापाऱ्यांना शरण जातो आहे. तपासणाऱ्या संपादकांनी समासात एकच प्रश्न लिहिला होता: 'कुणापुढे शरण?' त्या दिवसापासून मी शब्दाची वही ठेवायला लागलो. वरच्या सगळ्या नोंदी तिच्या पहिल्या पानावरच्या आहेत.

सातवी पायरी: आजचा अर्थ मान्य करा

मूळ सापडलं की नवख्या माणसाला एक मोह होतो. दुसऱ्यानं शब्द 'चुकीचा' वापरला म्हणून तो दुरुस्त करत सुटतो. असं करू नका. आज इंग्रजी बातमीत 'द गव्हर्नमेंट कपिट्युलेटेड टू द स्ट्रायकर्स डिमांड्स' असं येतं, तेव्हा सरकारनं कलमवार काही ठरवलं असेलच असं नाही. बराच काळ अडून बसलं आणि शेवटी नमलं, इतकंच लेखकाला म्हणायचं असतं. शेअर बाजारात तर अर्थ आणखी पुढे गेला आहे. भाव पडत राहतात, तग धरून बसलेले गुंतवणूकदार थकतात आणि मिळेल त्या भावाला विकून मोकळे होतात, त्याला तिथे 'कपिट्युलेशन' म्हणतात. ज्या शब्दाचं सगळं आयुष्य अटींवर बेतलेलं होतं, तो इथे एकही अट न घालता वापरला जातो. तोही खरा अर्थ आहे, कारण लाखो लोक तो तसा समजतात.

यॉर्कटाउनच्या चौदाव्या कलमात याची सुरेख सोय आहे. त्यात म्हटलं आहे की या मसुद्यात कुठला शब्द संदिग्ध वाटला, तर त्याचा अर्थ त्या शब्दाच्या सर्वसाधारण, रूढ अर्थानुसार लावावा. मुळावरून नव्हे, रूढीवरून.

मग मूळ शोधून मिळालं काय? दोन गोष्टी. एक, जुना मजकूर वाचताना ठेच लागत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: आजच्या वापरातही जुन्या अर्थाचा रंग थोडा उरला आहे, आणि तो आता दिसायला लागतो. ज्यानं आधी विरोध केला, तोच कपिट्युलेट करू शकतो. ज्यानं कधी दार लावलंच नाही, त्याच्याबद्दल हा शब्द वापरत नाहीत.

आठवी पायरी: भावंडांशेजारी उभा करा आणि मराठी शब्द निवडा

'सरेंडर'मध्ये देऊन टाकणं आहे. तो इंग्रजी कायद्यात जमिनीवरचा हक्क परत सोपवण्यासाठी वापरत, आणि विमा पॉलिसी 'सरेंडर' करताना आपण नकळत तोच जुना अर्थ वापरतो. 'सकम'मध्ये एखाद्या ओझ्याखाली आडवं होणं आहे, म्हणून तो आजाराला आणि मोहाला लागतो. 'ॲक्विएस'मध्ये 'क्वाएट' लपला आहे: पटलेलं नसतं, पण माणूस गप्प बसतो. 'कन्सीड'मध्ये बाजूला सरून जागा देणं आहे. यातल्या कुठल्याच शब्दात कागद नाही, कलम नाही. ते फक्त कपिट्युलेटमध्ये.

मराठीकडे वळताना पहिलं लक्षात घ्या की आपल्या 'शरण' शब्दाचं चित्र वेगळंच आहे. शरण म्हणजे आश्रय. शरणागत म्हणजे आश्रयाला आलेला. इंग्रजी शब्द कलमं मोजतो आणि आपला शब्द संरक्षण मागतो. दोन्ही एकमेकांवर बरोबर बसत नाहीत, म्हणूनच 'शरण जाणे' एवढ्यावर भागत नाही.

वेढा, किल्ला, तह असा संदर्भ असेल तर मी 'अटी ठरवून किल्ला खाली करून दिला' किंवा 'तह करून शस्त्रं खाली ठेवली' असं लिहितो. जागा जास्त लागते, पण अर्थ पूर्ण येतो. जुन्या करारांबद्दल असेल, तर 'करारनामा' किंवा 'सनद'. शरणागतीचं नावही काढू नये. राजकारण, संप, घरातला वाद असेल तर 'अखेर नमतं घेतलं'. 'अखेर' हा शब्द गाळू नका, कारण आधीचा विरोध त्यातूनच कळतो. लेखकाच्या स्वरात तिरस्कार असेल तर 'नांगी टाकली'. 'कच खाल्ली' मात्र जपून: त्यात ऐन वेळी धीर सुटणं आहे, दमून हार मानणं नाही. 'पडतं घेतलं' तर बिलकूल नको. पडतं घेणारा बरेचदा बरोबर असतो, ताकदवानही असतो, आणि भांडण मिटावं म्हणून स्वतःहून मागे सरतो. कपिट्युलेट करणाऱ्यापुढे तसा पर्याय उरलेला नसतो.

पुढचा शब्द स्वतः घ्यायचा असेल तर 'यील्ड' घ्या. पिकाचा यील्ड, रोख्याचा यील्ड आणि चौकातल्या फलकावरचा यील्ड. तो फलक पहिल्यांदा १९५० मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात लागला. शब्द जुन्या इंग्रजीत होता तेव्हा त्याचा अर्थ होता 'पैसे चुकते करणे', आणि जर्मनमधला पैशासाठीचा 'गेल्ड' हा त्याचा सख्खा भाऊ. वहीचं नवं पान उघडा आणि चुकते केलेल्या पैशांपासून दुसऱ्याला वाट देण्यापर्यंतच्या कड्या जोडत या.